अर्ध्या वॅटचा गडी

त्याला गिटार येते का, असं कुणी विचारलं तर मी खरं तेच सांगतो: त्याला ॲम्प येतो. गिटारीचे चार कॉर्ड येतात, त्यातला एफ बोटं दुखतात म्हणून आठवड्यातून एकदाच. ॲम्पबद्दल मात्र काहीही विचारा आणि जेवून विचारा, कारण उत्तर लांबतं.

असे गडी पुण्यात गल्लोगल्ली असतील. आमच्या वाटुरात हा एकच आहे आणि तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो, म्हणून हे लिहायचा हक्क माझा.

जालना-मंठा रस्त्यावरून जिथं परतूरकडे वाट फुटते, तो आमचा फाटा. पार्सलवाला गावात शिरत नाही, फोन करून फाट्यावर बोलावतो. हॉटेलच्या बाकड्यावर खोकं आलं तेव्हा चहा पिणाऱ्यांनी आपापले अंदाज बांधले. एक म्हणाला फवारणीचा पंप, दुसरा म्हणाला घरगुती गिरणी. "ॲम्प्लिफायर हाय," असं यानं सांगितल्यावर हॉटेलवाल्यानं काळजीनं विचारलं, "मग भोंगा कुठंय?"

प्रश्न रास्त होता. आमच्याकडे ॲम्प्लिफायर म्हणजे आहुजाचा. त्याला माईक लावायचा, भोंगा लिंबाला बांधायचा, 'हॅलो, माईक टेस्टिंग' म्हणायचं आणि पंगतीला बसा म्हणून सांगायचं. याच्या खोक्यातून निघालेल्या पेटीला भोंगा नव्हता, नुसत्या चाव्याच चाव्या होत्या. आणि याचं म्हणणं असं, की या एका पेटीत जगातले सगळे नामी ॲम्प आहेत.

मी ते समजून घ्यायचा प्रयत्न केला. तीन संध्याकाळी गेल्या. जुने गिटार-ॲम्प काचेच्या व्हॉल्व्हवर चालायचे, आजोबांच्या रेडिओत असायचे तसल्या. लंडनमध्ये ड्रमचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शलनं 1962च्या सुमारास बनवायला घेतलेले ॲम्प, अमेरिकेत फेंडरनं 1963 मध्ये काढलेला ट्विन रिव्हर्ब, ही त्यातली दैवतं. व्हॉल्व्हला झेपणार नाही इतका जोर दिला की सूर फाटतो, पण गोड फाटतो. जग त्या फाटण्यावर भाळलं. पुढं 1996 मध्ये लाईन सिक्स नावाच्या अमेरिकन कंपनीनं ते फाटणं गणितात बसवलेला ॲम्प आणला. तारेची थरथर सेकंदाला चाळीस हजारांहून जास्त वेळा मोजायची, त्या आकड्यांवर व्हॉल्व्हच्या स्वभावाचं गणित करायचं आणि उत्तर स्पीकरमधून बाहेर काढायचं.

"म्हणजे बहुरूपी," मी म्हणालो.

त्याला ते फारसं आवडलं नाही. पण माझं मत कायम आहे. सकाळी पोलीस, दुपारी वासुदेव होऊन दारात येणारा आमचा रायरंद आणि ही पेटी यांचा धंदा एकच. फरक इतकाच, की रायरंद पसाभर ज्वारी घेऊन पुढच्या दारी जातो.

पेटी पन्नास वॅटची. मागे एक बटण आहे: पन्नास, पंचवीस, अर्धा. ते कायम अर्ध्यावर. त्याचे वडील मला एकदा म्हणाले, "पन्नास वॅटचा हाय म्हणं. अन् ऐकू तर येईना." यावर यानं वडिलांना डेसिबल समजावून दिले. वीज शंभरपट कमी केली तरी आवाज वीस डेसिबलनंच उतरतो, कानाला तो साधारण चौथाई वाटतो. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग साडेएकोणपन्नास वॅटचे पैसे परत भेटतेत का?"

रात्री अर्धा वॅटही नको म्हणून हेडफोन. त्याच्या कानात तेव्हा इंग्लंडातलं मैदान भरलेलं असतं. माझ्या कानात भिंतीपलीकडून नुसती तारेवरची टिकटिक येते, पत्र्यावर कोंबडी दाणे टिपते तशी. मध्येच टिकटिक थांबते आणि चावी फिरते. पुन्हा तेच चार सूर, पुन्हा चावी. याला तो 'टोन शोधणं' म्हणतो. दीड वर्ष झालं, टोन इथंच कुठंतरी आहे.

एकदा सापडलाही होता. रात्री दोनला. गणपतीत तोच जतन केलेला टोन त्यानं मांडवात पन्नास वॅटवर सोडला आणि खालचे सूर असे घुमले की आरतीच्या ताटातल्या वाट्या हलल्या. कारण त्याला ठाऊक होतं, पण नंतर. आवाज बारीक असला की माणसाच्या कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933 मध्येच हे मोजून ठेवलंय. रात्री कानाला कमी पडलेला खर्ज यानं चावीनं भरून काढला होता, तो मांडवात व्याजासकट परत आला.

मग आठ दिवस प्लेट रिव्हर्ब. जर्मनीतल्या एका कंपनीनं 1957 मध्ये पोलादाचा भलामोठा पत्रा चौकटीत टांगला. त्याला एकीकडून आवाजानं थरथरवायचं आणि दुसरीकडून ती थरथर उचलायची, की गाणारा मोठ्या दालनात उभा असल्यासारखा वाटतो. पेटीत त्याचंही सोंग आहे. हे तो मला समजावत होता तेव्हा पाऊस सुरू झाला. त्याच्या घरावर पत्रेच आहेत. दोघांनाही एकमेकांचं ऐकू येईना. तो हातवारे करून रिव्हर्बची चावी दाखवत होता आणि मी वर बोट करत होतो.

घूंऽऽ या आवाजाची गोष्ट वेगळी. ती त्याच्या आईला विचारा. अर्थिंग नीट नाही असं निदान झाल्यावर यानं घरामागे खड्डा केला, त्यात मीठ-कोळसा भरला आणि रोज सकाळी बादलीभर पाणी ओतू लागला. आई चार दिवस कौतुकानं बघत होती. पाचव्या दिवशी म्हणाली, "कशाचं झाड लावलंस रे? अजून कोंब बी नाही." खड्ड्यानं निम्मी घूं गेली. उरलेली गिटारीतलं तारेचं एकेरी वेटोळं घरातल्या वायरींमधून ओढून घेतं, आणि त्यावर उपाय म्हणजे अंग वळवून बसणं. ठरावीक दिशेला तोंड केलं की ती जवळजवळ गप होते. म्हणून हा नेहमी पूर्वेकडे तोंड करून, पाठ ताठ ठेवून बसतो. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना वाटतं, पोरगं नेमानं काहीतरी करतंय.

नुकताच सप्ताह बसला आणि दुसऱ्याच दिवशी मारुतीच्या देवळातलं मशीन जळालं. कुणीतरी म्हणालं, त्या पोराकडं पन्नास वॅटचा हाय. चार जण येऊन पेटी उचलून घेऊन गेले. मागोमाग हा धावला, हातात वायरी. माईकची मोठी पिन पेटीत बसली आणि महाराजांनी 'रामकृष्णहरी' म्हटलं. पेटी तेव्हा मार्शलच्या सोंगात होती.

महाराजांचा आवाज फाटला. पहिल्या रांगेतल्या आज्जीनं कनवटीचं ज्येष्ठमध काढून पुढं केलं. टाळकऱ्यांनी मात्र माना डोलावल्या, त्यांना तो भाव वाटला. यानं घाईनं सोंग बदललं, तर महाराज वाकळ पांघरून बोलल्यासारखे झाले. तेही साहजिक, गिटारीचा स्पीकर पाचेक हजार हर्ट्झच्या वर फार काही बोलतच नाही आणि माणसाचा स-श तर तिथंच राहतो. मग अभंगाचं निरूपण चालू असताना हा पेटीपुढं मांडी घालून बसला आणि एकेक चावी केसभर सरकवत राहिला. खर्ज काढला, वरचा सूर वाढवला, सूर फाडणारा गेन अगदी खाली आणला. अर्ध्या तासानं शेवटच्या रांगेतल्या माणसाला 'संत' शब्दातला 'स' ऐकू आला. दीड वर्षात या गड्याला टोन सापडलेला मी पहिल्यांदा पाहिला.

त्यानं तो जतन केलाय, चौथ्या नंबरवर. पेटीच्या पडद्यावर तीन इंग्रजी ॲम्पांखाली आता 'महाराज' असं दिसतं.

पेटी देवळात आहे. चाव्या नाहीत म्हणून दोन रात्री भिंतीपलीकडची टिकटिक न थांबता चालू आहे आणि काल त्यात एफ दोनदा लागला. सप्ताहाच्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे, जळालेलं मशीन दुरुस्तीला टाकायची घाई करू नका.