टपालचं वय

टपाल हल्ली चहाचा कप दोन्ही हातांनी देतो, आणि त्यावरून करमाडात दोन तट पडले आहेत. एका तटाच्या मते त्याच्या मणक्यात गॅप आहे. दुसऱ्या तटाच्या मते तो झेडपीला उभा राहणार आहे, कारण धडधाकट माणूस हॉटेलात उगाच वाकत नाही.

मी जवळून पाहिलं आहे. उजव्या हातात कप, डाव्या हाताची बोटं उजव्या कोपराखाली टेकवलेली, कमरेतून थोडं पुढे झुकणं आणि नजर खाली. कप घेणाऱ्याला वाटतं, आता हा उसने पैसे मागणार. आमच्या चुलत्यांनी तर तसा कप पुढे येताच ‘पंधरा दिवस थांब, कापूस जाऊ दी’ असं सांगून टाकलं. टपालला काही नको होतं. त्यानं आपला चहा उचलला, चुलत्यांकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून प्यायला. चुलत्यांना वाटलं, पोरगं रुसलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी घरी बोलावून हजार रुपये हातावर ठेवले. ते त्यानं घेतले. दोन्ही हातांनी.

टपाल आणि मी एका वर्गातले. हे नाव त्याला शाळेत पडलं, कारण गुरुजींची चिठ्ठी या वर्गातून त्या वर्गात तोच न्यायचा, आणि परत येताना त्या वर्गाच्या बाईंच्या आवाजात बोलत यायचा. ज्याच्या शेजारी बसेल त्याचा होऊन जायचा, हा त्याचा मूळ रोग. आमचं स्टेशन निजामाच्या काळातल्या लाईनवरचं, कारभार दक्षिण मध्य रेल्वेचा, मुख्यालय सिकंदराबादला. त्यामुळे तेव्हा बदलीवर येणारे बरेच रेल्वेवाले तेलुगू. आठवीत त्यांच्यातल्या एकाचा मुलगा टपालच्या बाकावर बसायला आला. दिवाळीपर्यंत टपाल दहीभातावर आंब्याचं तिखटजाळ लोणचं घेऊन जेवायला लागला आणि हो म्हणताना अशी मान हलवायला लागला की गुरुजींना ते नाही वाटायचं. त्या मानेपायी त्यानं पुष्कळ मार खाल्ला. त्या मुलाच्या वडिलांची बदली झाली, मुलगा गेला, मान मात्र पुढची दोन वर्षं हलत राहिली.

पुढे २००१ च्या सुमारास शेंद्र्याच्या एमआयडीसीत स्कोडाच्या गाड्या जुळायला लागल्या आणि चेक इंजिनिअर येऊन-जाऊन दिसू लागले. टपाल तेव्हा एका कँटीनवाल्याकडे होता. चेक लोकांत ग्लासाला ग्लास लावताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं असतं. नजर चुकवणं वाईट. हे त्यानं नेमकं सासुरवाडीत केलं. सासऱ्यांच्या पाण्याच्या तांब्याला आपला तांब्या लावून तो त्यांच्या डोळ्यांत बघत राहिला. सासरे माळकरी. त्यांनी मुलीला बाजूला नेऊन विचारलं, ‘कधीपासून प्यायला लागला?’

मग औद्योगिक पट्ट्यासाठी डीएमआयसीचं भूसंपादन आलं. एकरी २३ लाखांचा भाव निघाला आणि करमाड-लाडगावच्या शिवारात पांढऱ्या गाड्या उगवल्या. टपालच्या वाट्याला फार जमीन नव्हती, पण एक इनोव्हा निघाली. ऑरिक नावाची उद्योगनगरी उभी राहिली, ह्योसंग या कोरियन कंपनीचा स्पॅन्डेक्सचा कारखाना आला, परिसरात कोरियन माणसं दिसायला लागली, आणि टपालची गाडी एका कोरियन साहेबाच्या दिमतीला लागली. स्पॅन्डेक्सचा धागा कितीही ताणला तरी सोडल्यावर मूळ मापावर येतो म्हणे. टपाल त्या जातीचा धागा नाही.

इथवर सगळं सहन होण्यासारखं होतं. दोन्ही हातांनी देणं-घेणं आपल्याला तरी कुठे परकं आहे? तीर्थ घेताना उजव्या हाताखाली डावा आपोआप जातोच. वडीलधाऱ्यांनी घास घेतल्याशिवाय न जेवणं, दारात चपला काढणं, भेटल्याबरोबर ‘जेवलास का’ विचारणं, हे सगळं कोरियातही आहे, असं टपाल सांगतो तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या म्हणतात, मग इतक्या लांब जाऊन त्यांनी वेगळं केलं काय?

वेगळं होतं ते वयाचं, आणि त्यानंच आमच्या वर्गाचा घात केला.

कोरियात समोरच्याचं वय कळल्याशिवाय त्याच्याशी नीट बोलताच येत नाही. वर्षभरानं मोठा असला तरी तो दादा, त्याच्याशी क्रियापदसुद्धा वेगळं. बरोबरीचा मित्र म्हणजे त्याच वर्षी जन्मलेला. साहेबानं टपालला पहिल्याच दिवशी विचारलं, ‘तुमचं वय?’ त्यानं लायसन दाखवलं: १ जून १९७२. साहेब खूश. काही दिवसांनी टपालनं आपल्या वर्गमित्रांची ओळख करून दिली. साहेबानं सगळ्यांची जन्मतारीख विचारली. १ जून, १ जून, १ जून. साहेब गप्प झाला. एका गावात एकाच दिवशी इतकी पोरं, म्हणजे आदल्या सप्टेंबरात तिथं काय झालं असेल, याचा तो बहुधा हिशेब करत होता.

आता हे परक्याला कसं सांगावं? शाळेत नाव घालायला बापानं पोराला धरून न्यायचं, हेडमास्तरांनी विचारायचं ‘जन्म कधीचा?’, बापानं आभाळाकडे बघायचं, आणि मग हेडमास्तरांनी शाळा जूनमध्ये उघडते म्हणून १ जून टाकायचं. आमच्या पिढीतला अर्धा महाराष्ट्र असा एकाच मुहूर्तावर जन्मला आहे. प्रत्यक्षात आमच्या वर्गात तीन-तीन वर्षांचा फरक होता. एकाला नववीतच मिशा होत्या. पण रजिस्टरनं सगळ्यांना एका ओळीत बसवलं, आणि त्या ओळीच्या जिवावर आम्ही एकमेकांना चाळीस वर्षं अरे-तुरे करतो, एकमेकांच्या बापाचं नाव घेऊन हाका मारतो. घरात थोरल्या भावाला ‘अहो दादा’ म्हणणारा माणूस वर्गात येऊन दादाच्या वयाच्या माणसाला ‘ए रेड्या’ म्हणतो, आणि त्यालाही ते गोड लागतं. गावात वयाच्या तावडीतून सुटलेली एवढी एकच जागा होती.

टपाल ती मोडायला निघाला. खरी वयं शोधायची म्हणून तो वर्गातल्या एकेकाच्या घरी जाऊन आयांना विचारू लागला.

आयांचं कॅलेंडर वेगळं असतं. एकीनं सांगितलं, ‘मांगीरबाबाच्या जत्रेच्या आदल्या रातीचा.’ कोणत्या सालच्या? ‘त्या वर्षी बोकड महाग झाले होते.’ दुसरी म्हणाली, ‘दुष्काळाच्या कामावर खडी फोडीत होते, सातवा लागला होता.’ तिसरी म्हणाली, ‘रेशनवर लाल मिलो मिळायचा, त्याची भाकर मला पचत नव्हती, तवाचा हा. म्हणून असा किरकिरा.’ ७२ च्या दुष्काळाबद्दल पुस्तकांतून कळलं नसेल इतकं टपालला त्या ओसऱ्यांवर बसून कळलं. वाटपाची सुकडी पोरांपर्यंत पोचायच्या आत कोण मधेच खाऊन टाकायचं, हेसुद्धा. एक-दोन घरांचं जाणं-येणं त्यावरून बंद झालं.

या काळात तो साहेबाला हुरड्यालाही घेऊन आला. जानेवारीचा महिना, गोवऱ्यांची आगटी, सुरती हुरडा, लसणाची चटणी. साहेब मांडी घालून बसला, राखेतलं गरम कणीस हातावर चोळायला शिकला आणि तोंड पोळून घेऊन हसला. त्यानं आमच्या चुलत्यांना वय विचारलं. चुलत्यांनी सांगितलं, पोलीस ॲक्शनच्या वर्षी मी रांगत होतो. आणि लगेच उलट विचारलं: पगार किती? लग्न झालं का? पोरं किती? पोरगं नाही का? साहेबानं सगळ्याची सरळ उत्तरं दिली. शहरातला माणूस असता तर उठून गेला असता. दुभाषा म्हणून मधे बसलेल्या टपालला तासभर कोणी काही विचारलं नाही. तो हुरडा चोळत बसला.

वयाची यादी तयार झाली आणि आमच्यातलं बोलणं बिघडलं. दोनदा नापास होऊन आमच्यात आलेल्या मामाला तो ‘अहो मामा’ म्हणू लागला. मामा म्हणे, मला मेल्यासारखं वाटतं. जो वर्गाचा मॉनिटर होता आणि अजूनही वागतो, तो यादीत सर्वांत लहान निघाला. त्याला टपालनं चारचौघांत ‘बाळ, पाणी आण’ म्हटलं. मॉनिटर तलाठी आहे. पुढे सहा महिने टपालचा एक फेरफार नोंदवायचा राहिला.

यादीत एकच जागा रिकामी होती. टपालची स्वतःची. त्याची माय त्याच्या लहानपणीच वारली, बाप मागच्या साली गेला. वय माहीत नाही म्हणून तो धाकटेपण धरून सगळ्यांपुढे वाकायचा, ताटं मांडायचा, चहा ओतायचा. खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं.

मग आमच्या वर्गाचा मेळावा ठरला. त्या दिवशी जालना रोडच्या एका ढाब्यावर सगळे जमले. जेवणाआधी त्यानं आणखी एक कोरियन रीत सांगितली: मंडळीत जो वयानं सर्वांत मोठा, बिल त्याचं. सगळ्यांनी मामाकडे बघून टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मॉनिटरनं फोन काढून स्पीकरवर लावला. लाडगावची टपालची आत्या. तलाठ्याला अशी माणसं बरोबर सापडतात. आत्या ओरडून म्हणाली, ‘बहात्तर? अरे, दुष्काळात तर हा आपल्या पायानं खडीच्या ढिगावर चढायचा! सुकडीच्या रांगेत माझ्याअगोदर! मायच्या माघारी बकऱ्यांमागं राह्यला म्हणून शाळंत उशिरा घातला. तुमच्या समद्यांहून थोरला हाय तो.’

शांतता पसरली. मग मामानं उठून दोन्ही हातांनी टपालला पाण्याचा ग्लास दिला.

जेवण मात्र सगळे चवीनं जेवले. आधी टपालचा घास, मग बाकीच्यांचे. शेवभाज्या दोनदा मागवल्या गेल्या. बिल आलं ते बडीशेपेच्या बशीतून. टपालनं ते उचललं, डावा हात कोपराखाली नेला, कमरेत झुकला आणि मामापुढे धरलं.

‘२८ जून २०२३,’ टपाल म्हणाला. ‘कोरियाच्या सरकारनं वय मोजायची जुनी पद्धत कायद्यानं बंद केली. आता कागदावर असेल तेच वय. मव्ह्या टीसीवर १ जून १९७२ हाय. तुमच्या टीसीवर १९७०, मामा.’

मामानं चष्मा लावला. बिल वरून खाली आणि खालून वर वाचलं. मग दोन शेवभाज्या जास्तीच्या लावल्यात म्हणून मालकाशी भांडायला तो गल्ल्याकडे गेला, आणि मागोमाग त्याला साथ द्यायला, अगदी त्याच्याच आवाजात ओरडत, टपाल.