पहाटे चारला दार कोण उघडणार?

आमच्या आणि शेजारच्या वहिनींच्या बंगल्यांमधली भिंत छातीएवढीच आहे. सहकारनगरात ज्यांनी हे प्लॉट घेतले त्या दोन्ही आजोबांचं म्हणे भिंतीच्या उंचीवरून वाजलं होतं, आणि खर्च निम्मानिम्मा ठरल्यावर उंचीही निम्म्यावर आली. आमची सोय झाली. दुपारचा चहा आटोपला की त्या तगरीची फुलं तोडायच्या निमित्ताने तिकडून येतात, मी वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने इकडून.

परवा वहिनींनी परडी नुसतीच भिंतीवर टेकवली. "आली हो तिकिटं. ह्यांचं आणि माझंही." चेहरा असा, की बोलावणं चीनचं नाही, येरवड्याचं आलंय.

भाऊजींचं भोसरीला छोटं वर्कशॉप आहे. त्यांना लेथ बघायचीय, म्हणून ग्वांगझाऊचं कँटन फेअर. हे प्रदर्शन १९५७ पासून भरतंय, वर्षातून दोनदा, एप्रिलात आणि ऑक्टोबरात, तीन टप्प्यांत. यंत्रांचा टप्पा पहिला, १५ ते १९ ऑक्टोबर.

"लेथचं ते बघतील. मला एवढंच सांगा, झोपायचं कुठे?"

ह्यांच्या नोकरीपायी आम्ही काही काळ शांघायला काढला, तेव्हापासून गल्लीतलं चीनचं खातं माझ्याकडे आहे. मी म्हटलं, "बुकिंग झालंय ना?"

"झालंय तर! ह्यांनीच केलं. यादीतलं सगळ्यांत स्वस्त." मोबाइल भिंतीवरून माझ्या हातात आला. फोटो चकाचक. पलंग, टीव्ही, किटली, काचेचं न्हाणीघर, एका भिंतीला टाचेपर्यंत पडदा.

"वहिनी, पडदा दिसतोय. खिडकी कुठाय?"

दोन बोटांनी फोटो मोठा केला. पडद्यामागचं रहस्य खाली बारीक अक्षरात होतं: खिडकी नाही. तिकडे स्वस्त हॉटेलांत अशा खोल्या सर्रास असतात. काहींना खिडकी असते, पण ती उघडते पॅसेजमध्ये. एरवी हरकत नाही. पण ज्या बाईला सिंहगड एक्स्प्रेसमध्येही खिडकीच लागते, तिने परक्या मुलखातली पहिली रात्र अशा पेटीत काढू नये.

"आणि न्हाणीघर काचेचं म्हणजे... आरपार?"

"आरपार. पडदा असतो बहुतेक ठिकाणी."

वहिनींनी एक फूल तोडलं आणि परडीच्या बाहेर टाकलं.

पण खिडकी राहू दे. मला खरी काळजी दुसरीच होती. चीनमध्ये परदेशी माणूस जिथे मुक्कामाला उतरतो, तिथे त्याची चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे नोंद व्हावी लागते. हॉटेलात ते काम काउंटरवरची मुलगीच करते. पासपोर्ट स्कॅन करते, माहिती भरते, पासपोर्ट परत देते. ("ठेवून घेत नाहीत ना?" "नाही हो.") यात भिण्यासारखं काही नाही. आपल्याकडेही परदेशी पाहुणा आला की हॉटेलवाल्याला 'सी फॉर्म' भरावा लागायचाच, कोरेगाव पार्कातल्या जुन्या घरमालकांना विचारा. अडचण अशी, की तिकडच्या लहानसहान हॉटेलांत परदेशी पासपोर्टची नोंद कशी करायची हेच कित्येकांना ठाऊक नसतं. मग सोपा उपाय: हात हलवून नाही म्हणायचं. परदेशी पाहुण्यांना असं परत पाठवू नका, असं तिथल्या सरकारने २०२४ मध्ये बजावलंय. पण मध्यरात्री झोपाळलेल्या पोराला सरकारी धोरण कोण समजावणार, आणि कोणत्या भाषेत? आम्हाला एका गावात असंच दारातून वळवलं होतं. बुकिंग होतं, पैसे भरलेले होते. तो बिचारा सारखा हसत होता आणि सारखी मान हलवत होता.

म्हणून वहिनींना सांगितलं, पहिल्या रात्रीसाठी स्वस्त बघू नका, सुंदर बघू नका. मोठ्या साखळीतलं, मध्यम दर्जाचं हॉटेल घ्या, जिथे परदेशी लोक रोज उतरतात. गेल्या दोन-तीन महिन्यांत कुणी परदेशी माणसाने तिथे राहून अभिप्राय लिहिलाय का, ते बघा. आणि अॅपवरून आधी निरोप टाकून सरळ विचारा: भारतीय पासपोर्ट आहे, चालेल ना? उत्तर आलं की ते जपून ठेवा.

"माझ्या मावसबहिणीचा मुलगा शेन्झेनला आहे की. तो म्हणतो, मावशी, सरळ घरीच या, हॉटेलला कशाला पैसे घालवता."

मुलगा गुणी आहे, मला ठाऊक आहे. पण घरी उतरलं तरी नोंद चुकत नाही. उलट ती हॉटेल करत नाही म्हणून आपणच करायची. म्हणजे प्रवासाने आंबलेल्या अंगाने, भाच्याला ऑफिसातून रजा काढायला लावून, वेळ पडली तर पोलीस चौकीत जाऊन बसा. भित्र्या माणसाला परदेशात पहिल्याच दिवशी चौकी दाखवणं काही बरं नव्हे. भाच्याकडे शेवटी जा, दोन रात्री राहा, वरणभात करून घाला.

मग मी तिकीट मागितलं, आणि तिथे खरी गंमत सापडली. २०२० पासून बंद असलेली थेट विमानं २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस पुन्हा सुरू झाली, पहिलं कोलकात्याहून. पुण्याहून कोलकाता, तिथून रात्रीचं विमान. निघतं चौदाच्या रात्री आणि, घड्याळ अडीच तास पुढे असल्यामुळे, उतरतं पंधराच्या भल्या पहाटे. भाऊजींनी हॉटेल घेतलं होतं पंधरा तारखेपासून.

"बरोबरच आहे की. पंधरालाच पोचतोय."

"वहिनी, पंधराची खोली दुपारी दोनला मिळते. तुम्ही पोचणार चार-साडेचारला. पहाटेच्या."

वहिनी बोटांवर मोजू लागल्या. मी सांगितलं, बुकिंग चौदापासून करा, आणि कळवून ठेवा की येणार पंधराच्या पहाटे. नाही कळवलंत तर रात्रीत पाहुणा आला नाही म्हणून खोली दुसऱ्याला देतील. आणि पहिली रात्र विमानतळाजवळच काढा. बाययून विमानतळ शहराच्या उत्तरेला, प्रदर्शन दक्षिणेला पाझाऊला. त्या वेळी मेट्रो सुरू झालेली नसते. तासभर टॅक्सीत बसून, चिनी पाट्या बघत, चालक नेतोय तरी कुठे याचा घोर लावून घ्यायचा कशाला? झोपा, आंघोळ करा, मग दिवसाउजेडी मेट्रोने शहरात. पुढच्या रात्रींना पाझाऊच्या शेजारीच खोली हवी असं नाही. प्रदर्शनाच्या दिवसांत तिथले दर भडकतात; मेट्रोने चार-सहा स्टेशनं लांब गेलं की उतरतात.

एवढ्यात भाऊजी बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं, कारण पहिलं वाक्य हिशेबाचंच आलं. "चार तासांच्या झोपेसाठी अख्ख्या रात्रीचं भाडं?"

"अनामतही वेगळी," मी म्हटलं. "काही हॉटेलं येताना घेतात आणि जाताना खोली बघून परत करतात. यूपीआयवर भिस्त ठेवू नका. कार्ड अलीपेला इथूनच जोडून जा, शिवाय थोडे युआन रोख."

भाडं जड वाटू नये म्हणून भाऊजींना मी इतिहासातला माणूसही काढून दाखवला. बंडगार्डनचा बंधारा ज्यांच्या देणगीतून झाला, ते सर जमशेटजी जीजीभाई. त्यांची सुरुवातीची कमाई चीनच्या व्यापारातली, कापसाची आणि अफूची. तरुणपणी जहाजाने त्यांनी तिकडे फेऱ्या केल्या, आणि १८०५ च्या फेरीत फ्रेंचांनी जहाजच पकडलं होतं. त्या काळी कँटनमध्ये, म्हणजे आजच्या ग्वांगझाऊतच, परदेशी व्यापाऱ्याला शहराच्या तटाबाहेर, नदीकाठच्या ठरावीक वखारींतच राहायची मुभा होती. हंगाम संपला की तिथूनही निघायचं. आणि परदेशी बायकांना वखारीत यायला सक्त मनाई.

"बघा," भाऊजी म्हणाले, "चांगला नियम होता."

वहिनींनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती चौदा तारखेच्या भाड्याला पुरेशी होती.

बाकीचं मग भराभर झालं. हॉटेलचं नाव, पत्ता आणि फोन चिनी लिपीत मोठ्या अक्षरात छापून दोघांच्या पाकिटात वेगवेगळा ठेवायचा, कारण इंग्रजी नाव टॅक्सीवाल्याला कळत नाही आणि एकाच साखळीची दोन-दोन हॉटेलं एकाच रस्त्यावर निघतात. आगमनाच्या फॉर्ममध्येही पत्ता तोच. इथलंच रोमिंग घ्यायचं, म्हणजे व्हॉट्सअॅप चालतं. हॉटेलच्या वायफायवर ते बसतं. तळमजल्याला तिकडे पहिला म्हणतात, आणि चौथा मजला कित्येक इमारतींत नसतोच. गादी आपल्या पाठीला मानवेल अशी, म्हणजे कडक. खोलीत किटली बहुधा असतेच, तेव्हा झटपट पोहे, उपमा आणि सांजेला चितळ्यांची बाकरवडी; साध्या दिसणाऱ्या पालेभाजीतही मांसाचा रस्सा निघू शकतो, त्यामुळे पहिल्या दिवशी प्रयोग नकोत.

"आणि ते... फवारा?" वहिनींनी आवाज उतरवला.

"नसतो. प्लास्टिकचा मग न्या. दोन न्या."

"पलंग एक सांगू का दोन वेगळे?"

"भाऊजी घोरतात ते मला माझ्या खोलीत ऐकू येतं. दोन सांगा."

जुनं बुकिंग फुकट रद्द करायची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी सहापर्यंत होती. पावणेसहाला भाऊजी ओटीवर चष्मा शोधत होते आणि वहिनी त्यांच्या डोक्यावर उभ्या राहून सांगत होत्या, "चौदा हो. चौदा. पंधरा नाही."