आमच्या सातबाऱ्यावर तुमची पेरणी

माननीय कंट्री डायरेक्टर साहेब,



पत्र खुलं आहे म्हणून रागावू नका. बंद पाकिटातली तीन पत्रं आणि अकरा ई-मेल तुमच्या दिल्लीच्या कार्यालयात पोचले आहेत. प्रत्येक ई-मेलला ‘आपला संदेश आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं उत्तर आलं, तेही पाठवल्याच्या मिनिटाला. इतक्या तत्परतेनं मोल करणाऱ्यांना आणखी त्रास नको, म्हणून हा चव्हाट्याचा मार्ग.

माझी ओळख द्यायला हवी. मी बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातल्या एका ट्रस्टचा हिशेबनीस. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुलं गावातच ठेवून घ्यायची, आजीच्या जिवावर सोडायची नाहीत, दोन वेळा जेवू घालायची आणि शाळेत बसवायची, एवढं आमचं काम. ट्रस्टचं नाव तुम्हाला आठवणार नाही. नंबर आठवेल. २०१६ च्या उन्हाळ्यात तुम्ही आमच्या ओसरीवर बसून ताक प्यायलात आणि मुलांबद्दल दोन प्रश्न विचारून झाल्यावर म्हणालात, “तुमचा एफसीआरए नंबर बराच जुना आहे, नाही?” आम्हाला वाटलं, पाहुणे कौतुक करताहेत. गोठ्यातली गाय बघायला आलेला माणूस आधी दात मोजतो, हे आम्हा शेतकऱ्यांच्या लक्षात यायला हवं होतं.

वाचकांसाठी थोडं उलगडून सांगतो, तुम्हाला हे पाठच आहे. भारतात परदेशी देणगी घ्यायची तर विदेशी अंशदान विनियमन कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, गृहमंत्रालयाकडे नोंदणी लागते. पहिला कायदा आणीबाणीतला, १९७६ चा. आताचा २०१० चा. परदेशी संस्थेला इथे नुसतं संपर्क कार्यालय थाटायचं तरी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. म्हणून तुमच्यासारखे लोक इथे एक देशी संस्था काढतात आणि ‘आम्ही भारतीयच’ म्हणून तिला नोंदणी मागतात. पण नव्या संस्थेला नोंदणी लगेच मिळत नाही. तीन वर्षं काम केलेलं दाखवावं लागतं, त्या कामावर ठरावीक रक्कम खर्च झालेली दाखवावी लागते. तोवर घाई असेल तर एका ठरावीक देणगीदाराकडून, ठरावीक कामासाठी, ठरावीक रकमेची पूर्वपरवानगी मागायची. कायदा कडक आहे, पण रस्ता बंद नाही. वेळ लागतो, एवढंच.

तो वेळ तुमच्याकडे नव्हता. त्याला तुम्ही शब्द वापरलात, ‘लोकल फॉर्मॅलिटी’. ती पूर्ण होईपर्यंत पैसा आमच्या खात्यात येईल, असं ठरलं. आठ टक्के आमचे, बाकीचा तुमच्या सांगण्याप्रमाणे खर्च. दिल्लीतली तुमची माणसं कागदावर आमचे ‘सल्लागार’ झाली. तुमच्या कार्यालयाचं भाडं आम्ही पाटोद्यातून भरू लागलो. सल्लागारांपैकी एकानेही पाटोदा पाहिलं नव्हतं. एक जण तर फोनवर मला विचारत होता, बीडला कोणत्या विमानतळावर उतरायचं.

इथे कबूल करतो, आम्हीही काही धुतल्या तांदळाचे नव्हतो. त्या आठ टक्क्यांतून वसतिगृहाचं छत झालं. सह्या आमच्याच विश्वस्तांच्या आहेत, आणि त्या वेळी धनादेश लिहिताना माझाही हात थरथरला नाही. पण सातबारा आमच्या नावचा, पेरणी तुमची आणि सारा पुन्हा आमच्याच नावचा, हा व्यवहार आमच्याकडच्या सावकारालाही सुचला नसता.

तुमच्या उपकारांची यादी मोठी आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये तुम्ही तीन उत्साही तरुण स्वयंसेवक पाठवलेत. मुलांना त्यांनी कागदाचे पक्षी करायला शिकवले, छानच होते. आठवड्याने साध्या वेशातले दोन गृहस्थ आले, त्यांनीही ताक घेतलं आणि पाहुण्यांचे पासपोर्ट मागितले. तिघेही पर्यटक व्हिसावर. संस्थेत काम करायला येणारा परदेशी माणूस बिनपगारी असला तरी त्याला तेव्हा नोकरीचा व्हिसा लागायचा, हे मला त्या दोघांनी समजावून सांगितलं. तुम्ही फोनवर म्हणालात, “दे आर जस्ट किड्स.” खरं आहे. आमच्या वसतिगृहातही किड्सच आहेत. आमच्या ट्रस्टच्या सचिवाला मात्र पुढे चार वेळा जिल्ह्याच्या ठिकाणी जबाब द्यायला जावं लागलं.

मग तुमची नोंदणी आली. अभिनंदन. त्या दिवसापासून आमचा नंबर तुम्हाला जुना वाटेनासा झाला. आता गंगा उलटी वाहू लागली. पैसा तुमच्याकडे येई आणि त्यातला चिमूटभर ‘उप-अनुदान’ म्हणून आमच्याकडे. करार ४६ पानांचा, इंग्रजीत. त्रैमासिक अहवाल, मासिक अहवाल, मुलांची ‘यशकथा’, चहाच्या प्रत्येक कपाची पावती. आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळीला मुकादम असतो. कारखान्याकडून उचल आणायची, कोयत्याकोयत्याला, म्हणजे जोडप्याजोडप्याला, वाटायची आणि मधल्यामध्ये आपलं कमिशन काढायचं, हा त्याचा धंदा. तुमच्यात आणि त्याच्यात मला फरक दिसला तो इतकाच की मुकादम यशकथा मागत नाही.

आणि २९ सप्टेंबर २०२०. त्या दिवशी एफसीआरएची दुरुस्ती लागू झाली. संसदेत ती मांडून, मंजूर करून, अमलात आणून नऊ-दहा दिवसांत सगळं आटोपलं होतं. कलम ७ बदललं: परदेशी देणगी मिळालेल्या संस्थेनं ती दुसऱ्या कुणालाही द्यायची नाही, दुसऱ्याची नोंदणी असली तरी नाही. कलम ८ बदललं: प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर. आणि परदेशी पैसा पहिल्यांदा उतरणार तो फक्त नवी दिल्लीतल्या ११, संसद मार्ग इथल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात. पाटोद्याच्या ट्रस्टचंही पहिलं खातं दिल्लीत.

आमच्याकडे दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. ट्रॅक्टरवर संसार चढतो: पातेली, कोंबड्या, पोरं. त्या वर्षी शाळा बंद होत्या, तरी ४२ पोरं आम्ही मागे ठेवून घेतली होती. धान्य आलं होतं. तुमचा ई-मेलही आला, दोन ओळींचा. ‘कायदेशीर बदलांमुळे भागीदारी तात्काळ प्रभावाने समाप्त’ आणि ‘शिल्लक रक्कम शुक्रवारपर्यंत परत करावी’. आमच्या सीएंनी तो वाचून कपाळाला हात लावला. म्हणाले, दुसऱ्या संस्थेला पैसे द्यायला कलम ७ नं बंदी आहे, मग परत करणं हे ‘देणं’ की ‘परत करणं’? तुमच्या वकिलांना विचारलं. त्यांचं उत्तर आलं, आपण आपल्या वकिलांचा सल्ला घ्यावा. आमचे वकील म्हणजे तेच सीए, आणि ते अजून कपाळाला हात लावूनच बसले होते.

कायद्याचा मी वकील नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मला स्पष्ट दिसतं. कुठले खर्च प्रशासकीय ते नियम ५ मध्ये आहे: जागेचं भाडं, वाहनाची दुरुस्ती, हिशेब ठेवण्याचा खर्च, अहवाल लिहून सादर करण्याचा खर्च. शाळेतला शिक्षक आणि दवाखान्यातला डॉक्टर त्यातून सुटतात, हिशेबनीस सुटत नाही. म्हणजे मी स्वतःच प्रशासकीय खर्च आहे. अहवाल मागणार तुम्ही, तो लिहिणं हा खर्चही २० टक्क्यांत. आता पक्षांचं बघा. परदेशी कंपनीकडून देणग्या घेतल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयानं २०१४ मध्ये दोन मोठ्या राजकीय पक्षांवर ठपका ठेवला होता. त्यानंतर ‘परदेशी’ची व्याख्याच बदलली आणि २०१८ मध्ये तो बदल थेट १९७६ पर्यंत मागे नेला. आमच्यासाठी एखादं वर्ष मागे नेण्याची सोय कुणाला सुचलेली नाही. ८ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं २०२० ची दुरुस्ती वैध ठरवली. पैसा हातोहात फिरत गेला की त्याचा माग लागत नाही, हे सरकारचं म्हणणं न्यायालयाला पटलं.

मला राग याचा येतो साहेब, की ते मलाही पटतं. आमच्या खात्यातून तुमच्या भाड्याला गेलेल्या पैशाचा माग मलाच लावता येत नाही, गृहमंत्रालयानं कसा लावायचा? असा कायदा करायला जे निमित्त लागतं, ते तुम्ही ताक पिता पिता तयार करून ठेवलंत. तुमची संस्था त्यातून वाचली, कारण तुमच्याकडे दिल्लीत वकील आहेत. आमची नोंदणी संपत आली, नूतनीकरणाचा अर्ज केला आणि प्रश्न आला: २०१६-१७ मध्ये प्रशासकीय खर्च मर्यादेबाहेर कसा? आणि हे सल्लागार कोण?

त्यात आमच्या स्वतःच्या घोळाची भर. एक विश्वस्त वारले होते. तो बदल धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत कळवायचा असतो, आम्ही विसरलो. त्यामुळे शेड्यूल एकच्या उताऱ्यावर ते हयात, आणि दुरुस्तीनंतर प्रत्येक पदाधिकाऱ्याचा आधार क्रमांक हवा होता. हा दोष आमचा. तुमच्या माथी मारत नाही.

१ जानेवारी २०२२ ला देशातल्या सुमारे सहा हजार संस्थांची नोंदणी संपली. बहुतेकांनी नूतनीकरणाचा अर्जच केला नव्हता. त्यांच्यात किती जणांच्या ओसरीवर तुम्ही ताक प्यायला होतात, कुणास ठाऊक. आम्ही अर्ज केला होता, म्हणून लटकत राहिलो. दंड भरून प्रकरण मिटवायची सोय कलम ४१ मध्ये आहे. परदेशी पैशातून दंड भरणं आमच्या विश्वस्तांच्या मनाला पटेना, म्हणून पाच जणांनी वर्गणी काढली. एकानं ठेव मोडली. त्यांचं नाव सांगणार नाही, त्यांनाच आवडणार नाही.

मधल्या काळात तुम्ही एक प्रस्ताव पाठवलात, तो विसरलो नाही. देणगी चालत नाही ना, मग ‘सेवा करार’ करू. आम्ही तुम्हाला ‘क्षेत्रीय माहिती’ विकायची, तुम्ही फी द्यायची. तुमच्या फॉर्मवर वर छापलं होतं: व्हेंडर नोंदणी. चार वर्षं भागीदार होतो, पाचव्या वर्षी भाजीवाले झालो. भाजीवाल्याला निदान भाव ठरवता येतो. सीए म्हणाले, आयकरातलं धर्मादाय कामाचं कलम आणि धंद्याची मिळकत हे गणित आधी पाहू. आम्ही पाहिलं आणि नको म्हणालो. त्यावर मात्र तुमच्याकडून उत्तर आलं नाही, यांत्रिकही नाही.

परवा तुमच्या व्याख्यानाची जाहिरात पाहिली. विषय ‘स्थानिकीकरण’. मे २०१६ मध्ये इस्तंबूलला बड्या देणगीदारांनी आणि संस्थांनी शब्द दिला होता की २०२० पर्यंत आपत्तीतल्या मदतीचे किमान २५ टक्के स्थानिक संस्थांपर्यंत शक्य तितके थेट पोचवू. त्यावर तुम्ही बोलणार आहात. २०१६ आणि २०२० ही दोन्ही वर्षं आमच्याही वहीत आहेत. दाखले लागले तर कळवा, पानांच्या झेरॉक्स पाठवतो. त्याचा खर्च प्रशासकीयमध्येच धरीन.

आपला नम्र,
हिशेबनीस

ता. क. : एक काम राहिलं. २०१६-१७ मध्ये आमच्या खात्यातून तुमच्या दिल्लीच्या कार्यालयासाठी सहा फिरत्या खुर्च्या घेतल्या होत्या. आमच्या मालमत्ता नोंदवहीत त्या अजून ट्रस्टच्या नावावर आहेत. परदेशी देणगीचं एफसी-४ विवरणपत्र ३१ डिसेंबरच्या आत भरायचं आहे आणि ऑडिटर म्हणतात, खुर्च्या दाखवा. तेवढा फोटो पाठवा. कुणी बसलेलं असलं तरी चालेल.