आजीचं अंतर्निरीक्षण

"काय शिकायलास?" या प्रश्नाला "बीए, मानसशास्त्र" असं उत्तर दिलं की औशाच्या बसस्टँडवर दोनच गोष्टी घडत. समोरचा एक तर अर्धं पाऊल मागं सरके, "म्हंजे येड्याचं?" नाही तर अर्धं पाऊल पुढं येऊन डोळे बारीक करी, "मग सांग बरं, माझ्या मनात काय चाललंय." या दुसऱ्या जातीच्या लोकांना माझं उत्तर ठरलेलं होतं: "हे पोरगं आता काय सांगतंय, हे चाललंय." तीन वर्षांत हे निदान एकदाही चुकलं नाही.

दोष त्यांचा नव्हता. लातूर वीस किलोमीटरवर. लातूर पॅटर्नचा उजेड आमच्या गल्लीतसुद्धा पडलेला. शेजारची पोरं शिकवणीसाठी पहाटेची गाडी धरायची आणि मी त्या वेळी गोधडी डोक्यावर ओढायचो. घरात आर्ट्सचा पोरगा असणं ही पाहुण्यांसमोर हळू आवाजात बोलायची गोष्ट. वडिलांनी त्यावर तोड काढली होती. "डॉक्टरकीच्या अंगानंच जातंय ते," असं सांगून ते चटकन सोयाबीनच्या भावावर घसरत.

आमच्या विषयाची प्रयोगशाळा म्हणजे एक पत्र्याचं कपाट. वुंट नावाच्या जर्मन प्राध्यापकानं 1879 साली लाइपझिगला काढलेली मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा पुढं कलकत्त्याला पोचली आणि मजल दरमजल करत आमच्याकडे येईपर्यंत कपाटात मावेल एवढी झाली. त्यात एक स्टॉपवॉच, आरशात बघून चांदणी गिरवायचं यंत्र आणि पत्त्यांसारखे काही पुठ्ठे. शिवाय प्रत्येकाची एक प्रयोगवही. प्रयोग करतो तो प्रयोगकर्ता, ज्याच्यावर होतो तो प्रयुक्त. वहीत शेवटी एक रकाना असे: 'प्रयुक्ताचे अंतर्निरीक्षण'. म्हणजे प्रयोग चालू असताना आत काय काय झालं, ते प्रयुक्तानं प्रामाणिकपणे सांगायचं. वुंटनं आपल्या लोकांना याच कामासाठी घासून तयार केलं होतं म्हणतात. आमच्याकडे एवढी घासाघीस नव्हती. वरच्या वर्गाकडून वारशानं आलेली तीन वाक्यं होती: 'सुरुवातीला थोडे दडपण आले. नंतर प्रयोगात रस वाटू लागला. प्रयोग करताना आनंद झाला.' पिढ्यान्‌पिढ्या आमच्या तालुक्यातल्या प्रयुक्तांना याच क्रमानं आनंद होत आला आहे.

प्रयुक्त मिळणं मात्र अवघड. मित्र चहा मागत. मग मी आजीला गाठलं. ती तूर निवडत ओसरीवर बसली होती.

प्रयोग स्मरणाचा होता. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं दोनेक हजार निरर्थक शब्द तयार केले, ते स्वतःच पाठ केले, स्वतःच विसरला आणि किती वेळात किती विसरला याचा हिशोब 1885 साली छापला. तासाभरात निम्म्याहून जास्त गळतं, पुढची गळती सावकाश होते. शब्द निरर्थक का, तर अर्थ आला की आठवण त्याला धरून बसते आणि निव्वळ स्मरण मोजता येत नाही.

मी गंभीर आवाजात वाचलं, "रूघ. मिझ. टेख. फौण."

आजीचा सुपातला हात थांबला. "रूघ म्हंजे आपला रुघनाथ व्हय?"

"नाही आजी. त्याला अर्थ नाही."

"अर्थ न्हाई तर बोलायलास कशाला?"

एबिंगहाउसला हा प्रश्न कुणी विचारला असता तर मानसशास्त्राचं एक प्रकरण कमी झालं असतं. मी पुन्हा यादी वाचली. दहा मिनिटांनी विचारलं, काय काय आठवतंय? आजी म्हणाली, "रुघनाथ मीठ आणाया गेला, टेकडीला टेकला, तितं फौजदार आला." माझ्या नियमानं चारपैकी शून्य. पंधरा दिवसांनी विचारलं तेव्हाही तिला हे सगळं जसंच्या तसं आठवत होतं. उलट तोवर फौजदारानं रुघनाथाला आपली पोरगी देऊ केली होती.

पण आजीकडून मी शिकलो ते दुसरंच प्रकरण. आमच्या स्वयंपाकघरात मांडणीवर स्टीलच्या ताटल्या उभ्या रचलेल्या असायच्या. रात्री तुळजापूरच्या रस्त्यानं जड ट्रक गेला की त्या किणकिणत. आवाज थांबायच्या आत आजी अंगणात. गुडघे दुखतात म्हणून दिवसभर उंबऱ्याशी हुज्जत घालणारी बाई तेव्हा उंबरा कसा ओलांडायची, ते तिलाही ठाऊक नव्हतं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, किल्लारीचा भूकंप. किल्लारी आमच्याच तालुक्यातली. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपलेले. आमचं घर उभं राहिलं, पण त्या पहाटे सगळ्यांत आधी बोलल्या त्या ताटल्या.

पुस्तकात याला अभिजात अभिसंधान म्हणतात. पावलोवनं कुत्र्याला ठोके आणि खाणं पुन्हा पुन्हा जोडीनं दिलं, तेव्हा कुठं नुसत्या ठोक्यावर लाळ आली. नंतर खाणं न देता ठोके देत राहिलं की सवय विझते, त्याला विलोपन म्हणायचं. मी आजीकडे बघून हिशोब घातला. एकदाच जोडी पडली होती. त्यानंतर दहा वर्षं नुसत्या ताटल्या वाजल्या, तसा भूकंप पुन्हा आला नाही. विलोपन कुठंय?

याचं उत्तर मला पुढं वाचनालयातल्या एका जाड पुस्तकात सापडलं. 1924 च्या सप्टेंबरात लेनिनग्राडला पूर आला, पावलोवच्या प्रयोगशाळेत पाणी घुसलं, पिंजऱ्यातले कुत्रे गळ्यापर्यंत बुडाले. नोकरांनी कसेबसे वाचवले. त्यांतल्या काहींच्या शिकवलेल्या सवयी पार धुऊन गेल्या होत्या. आणि नंतर दाराखालून पाण्याची बारीक धार सोडली तरी कुत्रा थरथर कापू लागे. मी आजीला हे वाचून दाखवलं. एरवी कुत्र्याशी तुलना केली म्हणून तिनं लाटणं फेकलं असतं. ती म्हणाली, "कुणी जवळ घेतलं का न्हाई त्या कुत्र्यान्ला?" पुस्तकात तेवढं नव्हतं.

त्या आठवड्यात मी ताटल्या मांडणीवरून उतरवून पोत्यात गुंडाळल्या. दोन रात्री आजी झोपलीच नाही. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःच त्या काढून पुन्हा उभ्या रचल्या. "वाजल्याबिगर कळणार कसं?"

वही द्यायच्या आदल्या रात्री शेवटचा रकाना रिकामा होता. म्हटलं, एकदा तरी खरं लिहू. "आजी, प्रयोग चालू होता तेव्हा तुझ्या मनात काय काय आलं?"

तिनं तूर बाजूला सारली आणि चक्क विचार केला. "लिही. गुडगा दुखत हुता. शब्द भिकार हुते. पोरानं सगळा येळ घड्याळाकडं बगितलं, माझ्याकडं न्हाई."

मी पेन उघडलं. सुरुवातीला थोडे दडपण आले, असं लिहिलं. नंतर प्रयोगात रस वाटू लागला. प्रयोग करताना आनंद झाला.

वहीवर बरोबरची खूण मिळाली, शेजारी लाल शाईत 'छान'.