पाव तुमचा, पाऊण माझा

आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीत यंत्रकाका राहतात. नोकरी सगळी प्रेसमध्ये झाली. इथे प्रेस म्हटलं की कुणाला वर्तमानपत्र आठवत नाही, नोटा आठवतात. दिवसभर नोटांच्या राशीत बसायचं आणि संध्याकाळी गेटवर झडती देऊन रिकाम्या खिशाने घरी यायचं, असा जन्म गेला. रिटायर झाल्यावर माणसं देवाला लागतात, काका नाण्यांना लागले. मुलाने परदेशातून धातू हुडकायचं यंत्र आणून दिलं, आणि काकूंना रविवारी भाजी आणायला माणूस उरला नाही.

मूळ दोष जोगलटेंभीचा. गोदावरीकाठच्या या गावात १९०६ साली चांदीची तेरा हजारांवर नाणी सापडली. नाणी नहपान क्षत्रपाची, पण त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने वरून आपला ठसा ठोकलेला. "तेरा हजार सापडली, तर राहिली किती असतील?" हा काकांचा हिशेब. ठसा ठोकताना सातकर्णीने नहपानाला विचारलं नव्हतं. काका मात्र विचारल्याशिवाय कुणाच्या बांधावर पाय ठेवत नाहीत.

आणि विचारणं म्हणजे अर्ज. 'विषय : आपल्या शेतात यंत्र फिरविणेस परवानगी मिळणेबाबत.' तीन प्रती, खाली पोच घ्यायला जागा. शेतकरी अर्ज वाचत नाही. आधी काकांच्या पिशवीत लिंबू-नारळ तर नाही ना, ते बघतो. मग सातबारा निघतो. त्यावर नावं अकरा : दोघं पुण्याला, एक आत्या सुरतेला, एकजण वारलेला. नकार ठरलेलाच. गंमत अशी, की आठवड्याने त्याच शेतात खड्डे दिसतात. मालक म्हणतो, "शेवगा लावायचाय."

निफाडच्या एका बागाईतदाराने एकदा चक्क हो म्हटलं. पण द्राक्षाचा मांडव म्हणजे लोखंडी अँगल आणि तारा. यंत्र जे केकाटायला लागलं, ते रस्त्यावर आल्यावरच गप्प झालं.

एरवी गाडी अडते ती कायद्यापाशी. काकांना १८७८ चा निखात निधी कायदा पाठ. दहा रुपयांच्या वर किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. धनी कुणी नसला आणि आधी करार नसला, तर पाऊण हिस्सा शोधणाऱ्याचा, पाव जमीनमालकाचा. हे न सांगता भागलं असतं. पण प्रेसचा माणूस, लपवणार कसं?

"जमीन माझी, आन् पाव माझा?" इथे चहाचा कप अर्ध्यातून परत जातो.

परवा सिन्नरकडे दोघा भावांनी परवानगी दिली. मीही गेलो होतो. बांधाजवळ यंत्र कुईं करून ओरडलं, पंचवीस-तीस माणसं जमली. हातभर खणल्यावर निघाली एक पहार. वाटणीच्या वेळी हरवलेली. धाकट्याने ढापली म्हणून थोरला बारा वर्षं त्याच्याशी बोलत नव्हता. आता दोघं बोलायला लागले : पहार बांधाच्या कुठल्या बाजूला निघाली, यावर. मोजणीचा अर्ज करायचं ठरलं. तो लिहून द्यायला काका होतेच.

येताना स्कूटरवर काका गप्प होते. शिंदे गावाजवळ म्हणाले, "पहार दहा रुपयांच्या वर जाते. कलेक्टरला कळवायला हवं. पण माझा पाऊण हिस्सा मी सोडतोय, असं खाली लिहू का?"