वाहून गेलेल्या म्हशीचे शव कुठून आणायचे?

मा. मदत व पुनर्वसन विभाग, मंत्रालय, मुंबई यांस,



सप्टेंबर 2025 च्या अखेरीस सीना नदी करमाळा, माढा, मोहोळच्या गोठ्यांत शिरली, तेव्हा तिने आपली कार्यपद्धती वाचलेली नव्हती. तिच्या वतीने दिलगिरी. दुधाळ गाय-म्हैस गेली तर 37,500 रुपये, बैल 32,000, शेळी-मेंढी 4,000, कोंबडी 100 आणि गोठा पडला तर 3,000, असे तेव्हा आपले दरपत्रक होते. (तीन हजारांत गोठ्याचे पत्रे येतात की पत्रे आणणाऱ्या टेम्पोचे भाडे, ते आज राहू द्या. कार्तिकीला वाखरीच्या बाजारात खिलार बैलाचा भाव मात्र एकदा विचारून यावे.) ऑक्टोबरच्या मदत पॅकेजात कुटुंबामागे तीनच मोठ्या जनावरांची मर्यादा काढलीत, तेवढे चांगले केलेत. पण प्रस्तावाला पंचनामा लागतो, शवविच्छेदन अहवाल लागतो. म्हणजे जनावराने मरावे, पण दाव्याला बांधलेले असतानाच मरावे. पुढे भीमेच्या पात्रात जाऊन मालकाची अडचण करू नये. पूर जितका मोठा तितकी शवे कमी, आणि शवे कमी तितकी मदत कमी. असला हिशेब कोणत्या शहाण्याने मांडला?

आता आपल्याच सरकारचे कागद काढू. 1 जून 2024 पासून प्रत्येक जनावराच्या कानात बारा अंकी टॅग सरकारने सक्तीचा केला. टॅग नसेल तर आपत्तीची मदत नाही, अशी तंबीही दिली. त्या नंबरावर ‘भारत पशुधन’ या प्रणालीत मालकाचे नाव आहे, जनावराचे वय आहे, लस कधी टोचली तेही आहे. दूध संकलन केंद्राच्या बिलांत पुराच्या आदल्या दिवसापर्यंतचे लिटर आहेत आणि नंतर भोपळा आहे. म्हैस होती आणि आता नाही, हे सिद्ध करायला याहून जास्त काय हवे? लोक जनावर विकतील आणि वाहून गेले म्हणून सांगतील, अशी आपली शंका असणार. शंका रास्त आहे, पण उत्तर सरकारच्याच नियमात आहे. टॅगशिवाय खरेदी-विक्री नाही, आणि विक्री झाली की मालकी बदलाची नोंद करायची. वाहून गेलेल्या जनावरांचे नंबर प्रणालीत गोठवा. उद्या त्यातला एखादा नंबर बाजारात दिसला तर खुशाल वसुली करा. चार लबाड सापडतील या भीतीने चारशे खऱ्यांना परत पाठवणे हा कारभार नव्हे, निव्वळ निगरगट्टपणा आहे.

तशी आपलीही कीव येते. दर दिल्लीचे, 2022-23 मध्ये ठरलेले आणि 2025-26 पर्यंत चालवायचे. पूर सप्टेंबरात आला, केंद्राचे पथक नोव्हेंबरात. प्रस्ताव पाठवून वाट बघत बसणे आपल्याही नशिबी आहेच. पंचनामा करणारा तलाठी चिखलातून तीन-तीन गावे फिरतो आणि शिव्याही तोच खातो. त्याला ‘शव दिसले नाही’ लिहिण्यावाचून आपण दुसरी वाट ठेवलेली नाही. दिल्लीचे दर बदलणे आपल्या हातात नसेल, पण नुकसानीचा दाखला कुणी द्यायचा, हे ठरवणे केंद्राच्या निकषांनी राज्यावरच सोपवले आहे. तेव्हा पुढच्या पावसाळ्याआधी एका ओळीचा शासन निर्णय काढा: शव न मिळाल्यास टॅगची नोंद, दुधाचे बिल आणि स्थानिक पंचनामा ग्राह्य धरावा.

आपला,
सोलापूर जिल्ह्यातील एक करदाता