तुला कुणी उभा केलाय?

आमच्या वेळापुरात देवसुद्धा एकटा नाही. यादवकाळातलं देऊळ, नाव अर्धनारीनटेश्वर. महादेव आहेत, पण पार्वतीसोबत. युती-आघाडीचं बाळकडू आम्हाला गाभाऱ्यातूनच मिळतं. अशा गावात मी ग्रामपंचायतीला अपक्ष उभा राहिलो.

खरं तर ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतंच. कागदावर सगळेच अपक्ष. पण गावात पॅनेल असतात, आणि दोन पॅनेलांच्या मधल्या बोळात जो उरतो तो खरा अपक्ष.

माळशिरसला अर्ज भरण्याआधी कागद गोळा करायचे होते. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नाही, घरात शौचालय आहे आणि ते वापरतो, १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेलं नाही. बायको म्हणाली, "एवढी चौकशी माझ्या बापानं लग्न ठरवताना केली असती तर!"

अर्ज भरून आलो, तर पारावर आबा.

"कुणी उभा केलाय तुला?"

"कुणी नाही आबा. मीच राहिलोय."

"ते झालंच रे. पण कुणी?"

पुढचे आठ दिवस हाच प्रश्न. एका पॅनेलला वाटे, मी दुसऱ्याचा. दुसऱ्याला वाटे, मी पहिल्याचा. माघारीच्या आदल्या रात्री दोन्हीकडची माणसं पाच मिनिटांच्या अंतरानं आली, ओट्यावर समोरासमोर बसली आणि गेल्या वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं: मी अर्ज काढावा. गावात तोवर माझा आकडाही ठरला होता, एक लाख. बायकोनं दोन दिवस धान्याच्या कणग्या हलवून पाहिल्या. तिसऱ्या दिवशी विचारलं, "निदान कुठं ठेवलेत ते तरी सांगा."

गावाला नावं ठेवता येत नाहीत म्हणा. १९९५ साली विधानसभेवर ४५ अपक्ष निवडून आले आणि सरकार कुणाचं, हे त्यांच्या पाठिंब्यावर ठरलं. तेव्हापासून अपक्ष म्हणजे निकालानंतर भाव चढणारा माल, अशीच समजूत. २०२४ला निवडून आले अवघे दोन, पण न निवडून येणाऱ्याचीही ताकद त्याच वर्षी दिसली. लोकसभेला साताऱ्यात तुतारीशी गल्लत होणारं पिपाणीचं चिन्ह घेतलेल्या एका अपक्षानं ३७ हजारांवर मतं घेतली आणि तुतारीवाला उमेदवार ३२ हजार ७७१ मतांनी पडला. आमच्या माढ्यातही पिपाणी वाजली. तिथं तुतारी निभावली. आता पिपाणीवाल्याला कुणी उभं केलं, हे आबांना आजही माझ्याबद्दल जितकं ठाऊक आहे तितकंच ठाऊक आहे, म्हणजे पूर्ण ठाऊक आहे.

मला चिन्ह मिळालं कपबशी. सोपं, घरोघरी असलेलं, म्हणून मी खूश. पण ज्याच्या दारात जावं तो म्हणे, "चिन्ह दाखव की!" आणि आमच्या ओट्यावर येऊन बसे. आठवड्यात चहापत्तीचे चार किलो उडाले. दूध उधारीवर. रिक्षा मिळालेल्याला लोकांनी फार तर अकलूजपर्यंत सोडायला सांगितलं असतं. कपाट मिळालेल्याला कुणी काहीच मागितलं नसतं. माझा मात्र जाहीरनामा लोक फुंकून फुंकून पीत होते आणि साखर कमी पडली तर तोंडावर सांगत होते.

भाषण एकदाच केलं. "मी कुणाचाही माणूस नाही," असं छातीवर हात ठेवून सांगितलं. मागून आवाज आला, "मग तुझं काम कोण करणार?" याचं उत्तर माझ्याकडं अजून नाही.

मतमोजणीला मशीननं मला १७ मतं दाखवली. 'नोटा'ला २३. ज्याला कपबशी नव्हती, ज्यानं घोटभर चहा पाजला नाही, जो कुणाच्या दारात गेला नाही, त्यानं मला सहा मतांनी मागं टाकलं.

खर्चाचा हिशेब तीस दिवसांत द्यावा लागतो. न दिला तर पाच वर्षं उभं राहता येत नाही. बायको म्हणाली, नका देऊ. मी दिला. पहिली ओळ: चहापत्ती. दुसरी: साखर.

तेव्हापासून रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण हळूच सांगतो, "माझं मत तुलाच होतं बरं का." मी वहीत नोंद ठेवतोय. सतरा मतांचे आजपर्यंत एकेचाळीस दावेदार झालेत. परवा आबाही आले. खुर्ची ओढली, चहा मागवला, बशीत ओतला.

"सतरातलं एक माझं," म्हणाले. मग इकडंतिकडं पाहून खुर्ची जवळ घेतली. "आता निवडणूक झाली. आता तरी सांग, कुणी उभा केला होता?"